सोलापूरच्या ग्रुपांत नव्याने आलात? कुणाला, कसं आणि कधी लिहावं

सोलापुरात बदली होऊन आलात, फ्लॅट घेतलात, मुलाला शाळेत घातलंत किंवा बाजारात दुकान टाकलंत, की बघता बघता फोनवर ग्रुप येऊन पडतात. सोसायटीचा, पालकांचा, गल्लीतल्या मंडळाचा, बचत गटाचा, व्यापाऱ्यांचा. एकेका ग्रुपात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी (इथली उर्दू) बोलणारी घरं असतात, साठीचे काका असतात आणि कॉलेजातली पोरंही असतात. समोरासमोर ही माणसं एकमेकांना छान सांभाळून घेतात. फोनवर मात्र आवाज नसतो, चेहरा नसतो, आणि साध्या एका ओळीवरून अबोला धरला जातो.

मी इथल्या काही ग्रुपांची अ‍ॅडमिन आहे आणि बचत गटातल्या बायकांना फोन वापरायला शिकवते. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. ग्रुपमध्ये जे बोलत नाहीत, त्यांचा विचार करून लिहायला शिकलं की निम्मे गैरसमज होतच नाहीत. आणि या गप्प राहणाऱ्यांत बायका जास्त असतात, शिवाय मराठी ज्यांची घरची भाषा नाही ती माणसंही. खालच्या पायऱ्या त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यात.

पायरी १: आधी आठवडाभर नुसतं वाचा

ग्रुपात आल्या आल्या "नमस्कार, मी अमुक, तमुक सोसायटीत नवीन आलोय" एवढं लिहा आणि थांबा. कोण कुठल्या भाषेत लिहितं, कोण फक्त व्हॉइस मेसेज पाठवतं, कोण रोज सकाळी सुविचार टाकतं आणि इतर वेळी काहीच बोलत नाही, हे बघा.

पूर्व भागातल्या, म्हणजे अशोक चौक, साखर पेठ या बाजूच्या, पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते. यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणणारी ही घरं पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरची आहेत, मराठी अस्खलित बोलतात, पण मोठ्या माणसांपैकी अनेकांना मराठी लिहिताना संकोच वाटतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागातून आलेल्या कानडी घरांतही हेच दिसतं. असा माणूस तुमच्या लांबलचक मेसेजला नुसता अंगठा दाखवतो किंवा फोन करतो. त्याला रस नाही असं समजू नका.

नकार कसा येतो तेही याच आठवड्यात कळेल. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक मांडणी केली: काही समाजांत बहुतेक अर्थ शब्दांतच सांगितला जातो, तर काही समाजांत तो नात्यावरून, प्रसंगावरून समोरच्याने ओळखायचा असतो. आपण दुसऱ्या प्रकारातले. तुम्ही मदत मागितलीत आणि उत्तर आलं "बघू, सांगतो", तर बहुतेक वेळा ते नाहीच असतं. "येतो की" आलं तर माणूस नक्की येणार. तुम्ही बंगळूर-हैदराबादच्या कंपनीतून, सगळं मेलवर स्पष्ट लिहायच्या सवयीतून आला असाल, तर "नक्की हो का नाही ते सांगा" असं ग्रुपमध्ये चारचौघांत विचारू नका. एकट्याला फोन करा.

पायरी २: फोन कुणाच्या हातात आहे ते ओळखा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि पुरुषांच्या हमखास लक्षात न येणारी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधीतरी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के होत्या, आणि पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढलेत हे खरं. तरी सोलापुरात विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, भाकरी करून विकणाऱ्या बायकांच्या घरी अजून अनेकदा एकच चांगला फोन असतो. दिवसा तो मुलाकडे, संध्याकाळी नवऱ्याकडे, आणि रात्रीची भांडी झाली की तिच्याकडे.

म्हणजे तुम्ही तिला पाठवलेला मेसेज आधी दुसराच कुणीतरी वाचतो. म्हणून काही गोष्टी पाळाच.

बचत गटात कुणाचा हप्ता थकला असेल तर तिचं नाव आणि रक्कम ग्रुपवर टाकू नका. हे कर्ज तिने घरी सांगितलंय की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. तिच्या नंबरावर एकटीला मेसेज टाकला तरी "हप्त्याबद्दल बोलायचंय" एवढंही लिहू नका. "ताई, वेळ मिळाला की फोन करा" पुरे. दवाखान्याचं, घरातल्या भांडणाचं, माहेरच्या पैशांचं कधीच लेखी नको.

उत्तर दोन दिवसांनी आलं तर "निळी टिक दिसली, तरी उत्तर नाही?" असं विचारू नका. टिक निळी झाली, पण मेसेज उघडणारी ती असेलच असं नाही.

डीपीबद्दलही बोलायला हवं. बऱ्याच बायकांच्या डीपीवर फूल, देव, रांगोळी किंवा लेकरू असतं, आणि नाव "अमुकची मम्मी" असं. ग्रुपमधला एखादा उत्साही माणूस म्हणतो, "स्वतःचा फोटो लावा की मॅडम!" असं म्हणू नका. आपला चेहरा कुणी उचलून भलतीकडे वापरेल ही भीती खरी आहे. या भीतीमुळे बायका स्वतःचा फोटो लावत नाहीत हे लक्षात आल्यावरच फेसबुकने २०१७ मध्ये भारतात प्रोफाइल फोटोला संरक्षण देणारी सोय आणली आणि २०२० मध्ये प्रोफाइल लॉक करायची. चेहरा दाखवायचा की नाही, हे तिचं तिने ठरवायचं.

पायरी ३: हाक मारताना

ताई, दादा, काका, काकू इथे चालतात. तेलुगू आणि कानडी घरांत वयाने मोठ्याला अण्णा, मोठीला अक्का म्हणतात, आणि परक्याने तसं म्हटलं तर त्यांना बरं वाटतं. मुस्लिम घरातल्या बाईला बाजी किंवा आपा, पुरुषाला भाई. कळेनासं झालं तर नावापुढे जी लावा, कुणी दुखावत नाही.

सोलापुरी "बे" जपून वापरा. मित्रामित्रांत त्यात निव्वळ माया आहे, "काय बे, कुठंय?" यात कसलीही अरेरावी नाही. पण लिहिलेल्या "बे"ला तो हसरा सूर लागत नाही. पुण्याहून आलेल्या शेजाऱ्याला तो शिवीसारखा टोचतो, आणि ज्या ग्रुपात बायका आहेत तिथे तर तो टाळलेलाच बरा.

ऑफिसच्या ग्रुपबद्दल माझं म्हणणं जरा कडक आहे. तिथे पुरुष इंजिनिअरला "सर" आणि त्याच हुद्द्यावरच्या बाईला "ताई" लिहितात. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असतो, पण वाचणाऱ्यांच्या मनात एकाचा हुद्दा राहतो आणि दुसरीचा पुसला जातो. सगळ्यांना सर-मॅडम म्हणा, नाहीतर सगळ्यांना नावापुढे जी.

पायरी ४: बाईचं लिहिणं, पुरुषाचं लिहिणं

पालकांच्या ग्रुपमध्ये नेहमी दिसणारे दोन मेसेज बघा. सहलीचे पैसे गोळा करायचे आहेत. एक आई लिहिते:

"नमस्कार सगळ्यांना. सहलीचे पैसे उद्यापर्यंत जमले तर बरं होईल. कुणाला अडचण असेल तर सांगा हं, काहीतरी मार्ग काढू."

खाली सामसूम. रात्री एक वडील लिहितात:

"उद्या १० पर्यंत ४०० रु. नंतर नाव घेतलं जाणार नाही."

आणि पटापट अंगठे येतात. आता ग्रुपमधले काही म्हणणार, बघा, असं ठामपणे सांगावं लागतं. मला हे पटत नाही. पहिल्या मेसेजमध्ये एक गोष्ट होती जी दुसऱ्यात नाही: ज्याच्याकडे उद्या ४०० रुपये नाहीत, त्याला बोलायची वाट. आणि दुसऱ्यात एक होती जी पहिल्यात नाही: किती, आणि किती वाजेपर्यंत. दोन्ही एकत्र करा:

"सहलीचे ४०० रु. उद्या, मंगळवारी, सकाळी १० पर्यंत द्यायचे आहेत. ज्यांना उद्या जमणार नाही त्यांनी आज रात्री मला एकटीला कळवा, नाव राहील."

असा मेसेज बाईने लिहिला तरी उद्धट वाटत नाही, आणि पुरुषाने लिहिला तर कुणी त्याला मवाळ म्हणणार नाही.

या फरकावर अभ्यास झालेले आहेत. डेबोरा टॅनन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास मांडलं की पुरुष बोलताना माहिती देण्याकडे आणि आपली जागा दाखवण्याकडे झुकतात, बायका नातं जोडण्याकडे. सुझन हेरिंग यांनी नव्वदच्या दशकात इंटरनेटवरच्या खुल्या चर्चा तपासल्या. तिथे पुरुष जास्त लांब लिहायचे, ठाम दावे आणि विरोध जास्त करायचे. बायका थोडक्यात लिहायच्या, आपलं म्हणणं मवाळ करून मांडायच्या, दुसऱ्याला दाद द्यायच्या. आपल्या सोसायटीच्या ग्रुपात पाण्याच्या टँकरवरून वाद पेटतो तेव्हा नेमकं हेच दिसतं. बारा ओळींचे मेसेज पुरुषांचे असतात, आणि पाण्यासाठी दिवसभर घरी थांबणाऱ्या बायका एखादी ओळ लिहून गप्प होतात.

पण "बायका अशाच, पुरुष तसेच" असा शिक्का मारू नका. जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००५ मध्ये आधीच्या ४६ मोठ्या आढाव्यांची एकत्र छाननी केली, तेव्हा स्त्री-पुरुषांतले बहुतेक मानसिक फरक लहान किंवा नसल्यासारखेच निघाले. माझ्या पाहण्यातही व्यापाऱ्यांच्या ग्रुपात हिशेबाला बसलेली बाई तुटक आणि चोख लिहिते, आणि आजोबा नातीच्या वाढदिवसाला पानभर लिहितात. कामाचं ठिकाण आणि ऐकणारे कोण, यावर फार काही ठरतं. एखादी बाई एका ग्रुपात गप्प आणि दुसऱ्यात बोलकी असेल, तर ज्या ग्रुपात ती गप्प होते त्या ग्रुपाकडे बघायला हवं.

वयाचाही फरक असतो. "ठीक आहे." असं पूर्णविराम देऊन लिहिलं की पोरांना वाटतं काका चिडले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या प्रयोगातही पूर्णविराम दिलेलं एका शब्दाचं उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं होतं. काकांनी काही बदलायची गरज नाही, पोरांनी समजून घ्यावं.

पायरी ५: अंगठा, हात आणि बदाम

आपल्याकडे अंगठ्याचा अर्थ "वाचलं" असा असतो, कधी "चालेल" असा. व्यवहारात हे दोन वेगळे ठेवा. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याने धान्यखरेदीच्या कराराच्या फोटोला अंगठा पाठवला. २०२३ मध्ये कोर्टाने ती संमती धरली आणि माल न दिल्याबद्दल ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची मोठी उलाढाल होते आणि भाव आता फोनवरही कळवले जातात. म्हणून नव्या व्यापाऱ्याने "भाव वाचला, संध्याकाळी सांगतो" किंवा "मान्य" असं शब्दांतच लिहावं.

निधनाच्या बातमीखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकणारे काका-मावशी प्रत्येक ग्रुपात असतात. त्यांना तो रडण्याचा वाटतो. ग्रुपमध्ये चूक दाखवू नका, घरी जाऊन सांगा. जोडलेले हात बहुतेक ठिकाणी चालतात. लिंगायत घरात निधन झालं की "लिंगैक्य" असा शब्द बातमीत असतो, मुस्लिम घरात दुआ करतात. तुम्हाला त्यांचे शब्द येत नसतील तर "तुमच्या दुःखात आम्ही सोबत आहोत" हे साधं वाक्य सगळीकडे पोचतं.

लाल बदाम बायका एकमेकींना सहज टाकतात. पुरुषाने ओळख नसलेल्या बाईच्या फोटोखाली तो टाकू नये. त्याच्या मनात काही नसेलही, पण तिला घरी उत्तर द्यावं लागतं.

पायरी ६: ग्रुपमधून नंबर घेऊन एकटीला मेसेज

काम असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये नाव, ओळख आणि काम लिहा: "नमस्कार, मी चौथ्या मजल्यावरचा अमुक. लिफ्टच्या वर्गणीची पावती हवी होती." नुसतं "हाय" नको. "जेवण झालं का?" हा आपल्याकडे प्रेमाचा प्रश्न आहे, पण अनोळखी पुरुषाने रात्री साडेदहाला बाईला विचारला की त्यातलं प्रेम उरत नाही. काम नसेल तर मेसेजच करू नका. उत्तर आलं नाही, तर ते नको आहे असंच समजा. पुन्हा विचारू नका, स्टेटसला उत्तर देऊन वाट काढू नका.

हा फक्त शिष्टाचाराचा मुद्दा नाही. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत.

पायरी ७: सण, धर्म, राजकारण

गड्डा यात्रा, मार्कंडेयांचा रथ, बसव जयंती, भीम जयंती, शिवजयंती, ईद: या गावात शुभेच्छांचं कॅलेंडर भरगच्च असतं. सगळ्यांच्या द्या, नाहीतर ग्रुप फक्त कामाचा ठेवा. एका समाजाच्या सणाला शंभर फोटो आणि दुसऱ्याच्या सणाला चिडीचूप, हे गप्प बसलेला माणूस बरोबर मोजतो. १९३१ मध्ये फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे होते. ही चार नावं एकत्र घेणाऱ्या गावात कुणाला ग्रुपात परकं वाटावं हे शोभत नाही.

धर्माचा फॉरवर्ड आला आणि तपासता येत नसेल तर पुढे पाठवू नका. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलमाखाली ती गाजली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. पण समाजासमाजांत तेढ लावणारं लिहिणं आजही संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे.

पायरी ८: अ‍ॅडमिन झालात तर

"कुणाची हरकत नसेल तर गणपतीची वर्गणी ५०० करू या" असा मेसेज टाकायचा, दोन दिवस कुणी काही बोललं नाही की "सर्वानुमते मंजूर" लिहायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि ती अन्यायाची आहे. ५०० जड जाणारा माणूस चारचौघांत तसं कधीच लिहिणार नाही. प्रश्न उलटा करा: "ज्यांना ५०० चालतील त्यांनी हो लिहा. ज्यांना कमी द्यायचे असतील त्यांनी मला एकटीला कळवा, नाव कुठेही येणार नाही." व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मतदानात कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, तेव्हा नाजूक विषयाला ते वापरू नका.

महत्त्वाचा निरोप लिहून टाकाच, आणि तोच व्हॉइस मेसेजनेही. लिहिताना वाक्यं छोटी, तारीख-वार-वेळ आकड्यांत. वाचता न येणाऱ्या आजीलाही कळतं आणि कानडी शाळेत शिकलेल्या अण्णांनाही. पाणी, कचरा, शाळेची रिक्षा अशा विषयांवर निर्णय घ्यायच्या आधी दोन-तीन घरी जाऊन बायकांना विचारा. ग्रुपात कधीच न आलेली माहिती तिथे पाच मिनिटांत मिळते.

ग्रुपमधल्या बाईला कुणी वाईट बोललं तर लगेच, सगळ्यांसमोर, थांबवा: "ही भाषा इथे चालणार नाही, मेसेज काढा." नाही काढला तर तुम्ही काढा, अ‍ॅडमिनला तशी सोय आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे असंच प्रकरण होतं: सभासदाने ग्रुपातल्या बाईबद्दल अश्लील लिहिलं आणि अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही. आधीपासून संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही, असं कोर्टाने सांगितलं. कायद्याने सुटलो तरी ती बाई त्याच इमारतीत राहते आणि रोज जिन्यात भेटते, एवढं अ‍ॅडमिनने विसरू नये.

पायरी ९: बायकांनी आजच करायच्या गोष्टी

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा. ग्रुप्स, प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि स्टेटस या चारही ठिकाणी "माय कॉन्टॅक्ट्स" निवडा. यामुळे अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. फेसबुकवर प्रोफाइल लॉक करा. इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट ठेवा.

त्रास सुरू झाला तर एकदाच, कारण न देता, लिहा: "मला मेसेज करू नका." मग स्क्रीनशॉट घ्या; त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. खोटं खातं असेल तर त्याची लिंकही कॉपी करून ठेवा. हे झाल्यावरच ब्लॉक करा. रागाच्या भरात आधी चॅट पुसून टाकली की पुरावा जातो, आणि बहुतेक जणी नेमकं हेच करतात. घरातल्या विश्वासू माणसाला किंवा मैत्रिणीला ते स्क्रीनशॉट पाठवून ठेवा, म्हणजे फोन दुसऱ्याच्या हातात गेला तरी ते राहतात.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. १८ वर्षांवरच्या बाईला स्टॉपएनसीआयआय या साइटवर त्या फोटोची सांकेतिक खूण बनवता येते. मूळ फोटो तिच्याच फोनमध्ये राहतो, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो आपापल्या साइटवर रोखतात.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. बायका आणि मुलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, तातडीचा धोका असेल तर ११२. जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, लिहून घ्यायला सांगा. सोबत एका मैत्रिणीला न्या, स्क्रीनशॉटची छापील प्रत न्या, आणि परत येताना तक्रारीचा नंबर लिहून घ्या.